सेवक नको, सभासद हवा

मार्च २०२२ मध्ये ठाणे महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे या शहरास एकही लोकनियुक्त सभासद नव्हता. जो कारभार एकशे एकतीस सभासदांनी प्रश्न विचारून, वाद घालून, प्रसंगी आरडाओरडा करून चालवावयाचा, तो एका प्रशासकाच्या सहीने चालला. पाच हजार कोटी रुपयांहून मोठे अंदाजपत्रक आयुक्त या नात्याने मांडणारा तोच, स्थायी समिती या नात्याने तपासणारा तोच आणि महासभा या नात्याने मान्य करणाराही तोच, असा हा त्रिमूर्तीचा अवतार ठाणेकरांनी निमूटपणे पाहिला. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीची कथा तर याहून पुढची आहे. तेथील सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती. म्हणजे पाच वर्षांची एक संपूर्ण कारकीर्द तेथे सभागृहावाचून उलटली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक पुरी व्हावी, असे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले. तरीही आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा घोळ यांत वर्षांमागून वर्षे गेली, आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याची आज्ञा करावी लागली.

या दिरंगाईचा दोष कोणाकडे जातो हे सर्वांस ठाऊक आहे व त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हांस आज निराळ्याच गोष्टीचे आश्चर्य वाटते. आम्ही माजिवड्यात राहतो. मुंबई-नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता यांचा जेथे संगम होतो, जेथे जुन्या गावठाणाच्या डोक्यावर तीस-तीस मजल्यांची घरे उभी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी रोज सकाळ-संध्याकाळ वाहनांची कोंडी ठरलेली आहे, ते हे माजिवडा. येथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, अभियंते आहेत, प्राध्यापकही आहेत. कराची देयके वेळेवर भरणारी आणि वर्तमानपत्र वाचणारी ही वस्ती आहे. त्या चार वर्षांत आपले प्रतिनिधित्व करणारा सभागृहात कोणी नाही, या कारणाने या वस्तीत एखादी निषेधसभा भरल्याचे आम्ही ऐकले नाही. एखाद्या गृहसंस्थेने तसा ठराव केल्याचेही कानी आले नाही. पाणी दोन दिवस आले नाही तर जे लोक खाली उतरून आवाज चढवितात, त्यांना सभागृह चार वर्षे नाही याची साधी खंतही वाटली नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर आम्हांस आमच्याच गल्लीच्या तोंडाशी सापडले. तेथे एका माजी सभासदाचे संपर्क कार्यालय आहे. मुदत संपल्यावर ते बंद पडावयास हवे होते. ते पडले नाही. फलकावरील 'नगरसेवक' या शब्दामागे 'माजी' हा शब्द बारीक अक्षरांत आला, एवढाच काय तो फरक झाला. टॅंकर पूर्वीसारखाच येत राहिला. दाखल्यांवर सह्या आणि शिफारशीची पत्रे पूर्वीसारखीच मिळत राहिली. तुंबलेले गटार त्यांच्या दूरध्वनीने मोकळे झाले. गणेशोत्सवाची वर्गणी आणि दहावीतील गुणवंतांचा सत्कार यांतही खंड पडला नाही. असे संपर्क कार्यालय शहराच्या प्रत्येक भागात चालू होते. लोक म्हणत, "पद असो नसो, आमचे साहेब काम करतात." हे वाक्य कौतुकाचे म्हणून उच्चारले जाई. आमच्या मते नगरसेवकपणाच्या आजच्या कल्पनेवर इतकी कठोर टीका दुसऱ्या कोणी केली नसेल. जे काम पद गेल्यावरही जसेच्या तसे करता येते, ते काम त्या पदाचे नव्हेच, हे उघड आहे. आणि तेवढेच काम आपण त्यांच्याकडून अपेक्षित असू, तर सभागृह असले काय आणि नसले काय, आपणांस त्याचा पत्ता लागू नये, यात नवल ते कोणते?

या घोटाळ्यास शब्दापासूनच आरंभ झाला आहे. कायद्याच्या मराठी प्रतीत या पदास 'पालिका सदस्य' असे साधे नाव आहे. पूर्वी लोक 'नगरपिता' म्हणत; पुढे त्या शब्दातील पितेपणाची थट्टा होऊ लागली आणि 'नगरसेवक' हा शब्द रूढ झाला. शब्द नम्र आहे, कानाला गोड आहे, आणि म्हणूनच घातक आहे. सेवक कोणाचा? जो हाक मारील त्याचा. मतदाराने हाक मारली की तो दाराशी हजर झाला पाहिजे; पक्षाच्या नेत्याने हाक मारली की तेथेही हजर झाला पाहिजे; आणि ठेकेदाराने हाक मारली असता मात्र तो गेला नाही, असे शपथेवर सांगणारा कोणी भेटत नाही. सेवकाला 'नाही' म्हणता येत नाही. सभासदाच्या कामातले निम्मे काम तर 'नाही' म्हणण्याचे आहे. इंग्लंडात १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे बोलताना एडमंड बर्क यांनी प्रतिनिधी हा मतदारांच्या इच्छेचा पोष्टमन नसून त्याने आपली विवेकबुद्धी त्यांच्या हितासाठी वापरावयाची असते, असे त्यांच्या तोंडावर सांगितले. पुढे १७८० साली ती जागा त्यांना राखता आली नाही. तो किती महागात पडणारा उपदेश होता हे आम्ही जाणतो. तथापि त्या उपदेशातले सत्य निवडणुकीच्या आकड्यांनी खोटे ठरलेले नाही.

आता कायद्याने या सभासदाच्या हाती नेमके काय दिले आहे ते पाहू. महाराष्ट्रातील मुंबईखेरीज अन्य महापालिकांचा कारभार १९४९ च्या कायद्याने चालतो. त्या कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे दिला आहे. सभासद एखाद्या झाडूवाल्यासही कायद्याने हुकूम करू शकत नाही. गटार साफ करवून घेण्याचा अधिकार त्याला तुम्हां-आम्हांइतकाच आहे, फक्त त्याच्या दूरध्वनीला दबदबा अधिक. परंतु दर महिन्याला भरणाऱ्या महासभेत तो आयुक्तास प्रश्न विचारू शकतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर नोंदले जाते. अंदाजपत्रकातील कोणत्याही रकमेवर तो बोट ठेवू शकतो. मोठमोठे ठेके सोळा सभासदांच्या स्थायी समितीच्या संमतीवाचून देता येत नाहीत. करवाढ, विकास आराखडा, भूखंडाचे आरक्षण, पालिकेच्या शाळा आणि दवाखाने, या सर्वांचा निर्णय सभागृहाच्या ठरावाने व्हावयाचा असतो. खाली प्रभाग समिती आहे. आमच्या भागाची माजिवडा-मानपाडा प्रभाग समिती ही त्यांपैकीच एक. रस्ता कोणी खणला, केव्हा बुजविला आणि पैसे किती दिले, हे विचारण्याची ती जागा. थोडक्यात म्हणजे सभासदाचे सारे सामर्थ्य बसण्यात, वाचण्यात, विचारण्यात आणि अडविण्यात आहे. आणि यांतील एकही गोष्ट माजी सभासदास करता येत नाही. चार वर्षे जे बंद पडले होते ते हे काम. त्याची उणीव कोणास जाणवली नाही, कारण सभागृह चालू असतानाही ते फारसे होत नसावे, अशी शंका घेण्यास जागा आहे. विषयपत्रिका आदल्या रात्री उघडावयाची, ऐनवेळचे विषय गोंधळात मंजूर व्हावयाचे आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात राजदंड पळविल्याचे छायाचित्र यावयाचे, हा आमच्या महाराष्ट्रातील महासभांचा परिचित देखावा आहे.

पाण्याचेच उदाहरण घ्या. ठाण्याला पाणी मिळते ते भातसेच्या पात्रातून महापालिकेच्या स्वतःच्या योजनेने, आणि त्याशिवाय स्टेम, एमआयडीसी व मुंबई महापालिका यांच्याकडून. हे पाणी किती, ते कोणत्या भागास किती जाते, गळती किती आणि नवी घरे किती, हा हिशेब काही गूढ नाही. घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा बांधकामांना परवानग्या मिळत गेल्या. त्या घरांत माणसे राहावयास आली. आणि माणसे तहानलेली आहेत असे मग सर्वांच्या ध्यानात आले. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याच्या प्रश्नावरून त्या भागातील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास काही काळ मनाई केली. पाणी नसता घरे कशी, हा प्रश्न एका नागरिकाने न्यायालयात नेला म्हणून विचारला गेला. वास्तविक तो महासभेत, परवानगी देण्यापूर्वी, आमच्या सभासदाने विचारावयाचा होता. त्याने तो विचारला की नाही, हे आम्ही त्यास कधी पुसले नाही. आम्ही त्यास दूरध्वनी केला तो टॅंकरसाठी. टॅंकर आला, आम्ही आभार मानले. आणि टॅंकर ज्यामुळे लागतो त्या कारणास हात लावण्याची निकड त्याच्या लेखी तेवढीच कमी झाली. टॅंकर पाठविणारा सभासद आणि टॅंकरची गरज उरू न देणारा सभासद यांत लोकप्रियतेच्या दृष्टीने पहिलाच नेहमी पुढे राहतो. दुसऱ्याच्या नावाचा फलक लावावयास जागाच नसते, कारण जे संकट आले नाही त्याच्या निवारणाचे श्रेय कोण कोणास देणार?

पाण्याच्या बाबतीत गैरसोयीवर निभावते. बांधकामाच्या बाबतीत माणसे मरतात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे महापालिकेच्याच हद्दीत, शिळफाट्याजवळ, बांधकाम चालू असलेली सात मजल्यांची बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. मृतांत लहान मुले पुष्कळ होती. त्या प्रकरणी ज्यांना अटक झाली त्यांत महापालिकेचा उपायुक्त होता, तसाच एक नगरसेवकही होता. कोण दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि त्यात आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. सात मजले एका रात्रीत चढत नाहीत. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास ते दिसत होते. प्रभाग समितीत हात वर करून "ही इमारत कोणाच्या परवानगीने?" एवढे चार शब्द उच्चारण्यास किती धैर्य लागले असते? कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या कागदांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याची आज्ञा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिली. त्या घरांत गुन्हेगार राहत नव्हते. आयुष्याची शिल्लक घालून आणि बॅंकेचे कर्ज डोक्यावर घेऊन घर घेतलेली, तुमच्या-आमच्यासारखीच कुटुंबे राहत होती. कायदा याविषयी मुका नाही. जो सभासद स्वतः अनधिकृत बांधकाम करील, दुसऱ्यास त्यात साहाय्य करील, किंवा ते पाडण्यास आलेल्या अधिकाऱ्यास अडथळा करील, तो सभासद राहण्यास अपात्र, असे कायद्याच्या दहाव्या कलमात लिहिलेले आहे. म्हणजे 'आमच्या माणसाचे शेड वाचवा' अशी गळ घालून मतदार जेव्हा सभासदाकडे जातो, तेव्हा तो त्याच्याकडून सेवा मागत नसतो. त्याचे पद ज्या कृत्याने जावे तेच कृत्य त्याने करावे असे मागत असतो. कुंपणाने शेत खाल्ल्याची तक्रार आपण करतो, पण त्या शेतातले धान्य कोणाच्या घरी गेले हे पाहत नाही.

आमचे हे म्हणणे पुस्तकी आहे, असा सभासद मुलखावेगळाच असावा लागेल, असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही पुण्याच्या नगरपालिकेची आठवण देतो. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात त्या नगरपालिकेचे सभासद होते. ते लोकांनी निवडलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. ज्या सरकारने नेमले त्याच सरकारच्या व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावे असा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा असे सांगून त्यास एकट्या फुल्यांनी विरोध केला. दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. हजार रुपये ही रक्कम पुण्याच्या खजिन्यात मोठी नव्हती, आणि त्यांच्या एका मताने तो खर्च टळलाही नाही. परंतु दीडशे वर्षे होत आली तरी त्या सभेतील बाकीच्या हातांची आठवण कोणास नाही आणि एका न उठलेल्या हाताची आहे. आता आमच्याकडे पाहा. आजचा सभासद कोणाचा नेमलेला नाही. हजारो मतांनी निवडून आलेला आहे. तरी पक्षाच्या कार्यालयातून चिठ्ठी आली की त्याचा हात आपोआप वर जातो. जे स्वातंत्र्य परकीय सरकारच्या नियुक्त सभासदाने वापरले, ते स्वराज्यातील निर्वाचित सभासदास परवडू नये, ही लाजेची गोष्ट आहे.

नगरपालिकेच्या ठरावात सामर्थ्य ते किती, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर महाडने दिलेले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला, आणि १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासह आलेले हजारो लोक त्या तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरविला. त्या छोट्या गावच्या मूठभर सभासदांचे हात एकदा वर गेले तेव्हा माणुसकीच्या बाजूस वजन पडले, आणि दुसऱ्यांदा वर गेले तेव्हा तेच वजन उलट्या पारड्यात गेले. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सभासदाचा हात हलका नाही. आणि त्याच्या ठरावामागे नागरिक उभे नसतील तर तो टिकतही नाही. गटार आणि दिवाबत्ती यांपुरतेच नगरपालिकेचे क्षेत्र आहे असे समजणाऱ्यांनी चवदार तळ्याचे स्मरण ठेवावे.

आमच्या मतावर दोन आक्षेप येतात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप सुशिक्षितांचा. ते म्हणतात, प्रशासकाच्या राजवटीत काम झटपट होते, भांडणे नाहीत, टक्केवारी नाही. मग सभागृह हवेच कशाला? या म्हणण्यातले पहिले अर्ध सत्य मानले तरी दुसरे अर्ध आम्ही मानीत नाही. सभागृहात भांडण होते म्हणून आपणांस ते कळते. बंद खोलीत भांडण होत नाही याचा अर्थ तेथे सर्व सुरळीत आहे असा होत नाही. प्रशासक आज आहे, उद्या त्याची बदली. तो उत्तर देणार ते मंत्रालयास, माजिवड्यास नव्हे. लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ च्या आपल्या प्रसिद्ध ठरावात स्थानिक स्वराज्याचे समर्थन केले, तेव्हा त्याने कारभार लगेच सुधारेल असे त्यांचे म्हणणे नव्हते. लोकांस राजकीय शिक्षण मिळेल, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. परक्या व्हाइसरॉयला जे उमगले ते आमच्या स्वदेशी सरकारांना पुन्हा पुन्हा विसरावयास होते. ठाण्याची महापालिका १९८२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली निवडणूक १९८६ साली झाली. कल्याणची महापालिका १९८३ ची. तेथे पहिली निवडणूक होण्यास १९९५ साल उजाडले. मागची पाच वर्षे त्यात मिळविली तर त्या नगरीने आपल्या महापालिकेच्या आयुष्यातील सुमारे सतरा वर्षे सभागृहावाचून काढली. एवढ्या प्रशासकीय राजवटीने नगर आदर्श होत असते तर डोंबिवलीच्या रस्त्यांकडे पाहून आपणांस आनंदाश्रू आले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो गरिबांच्या वतीने येतो. चाळीत, झोपडीत राहणाऱ्या माणसास कचेरीत कोणी उभे करीत नाही. रुग्णालयात खाट हवी, शाळेत प्रवेश हवा, रेशनपत्रिकेवर नाव हवे, तर त्याला ओळखीचा असा एकच मोठा माणूस असतो, तो म्हणजे नगरसेवक. तोही दार लावून घेईल तर त्याने जावे कोठे? हा प्रश्न खरा आहे आणि त्यास उडवून लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, जी खिडकी शिफारशीवाचून उघडत नाही ती का उघडत नाही, हे सभागृहात विचारणे हेच त्या गरिबाचे सर्वांत मोठे काम आहे. एक शिफारसपत्र एका माणसाची खाट मिळविते. आणि ज्याला पत्र मिळाले नाही त्याची खाट त्याच वेळी एक जागा मागे सरते. शंभर शिफारशी दिल्याने शंभर माणसे उपकृत होतात, पण रुग्णालयात एक खाट वाढत नाही. खाटा वाढतात त्या अंदाजपत्रकात. अडल्यानडल्यास सभासदाने अवश्य मदत करावी, पण रोज पन्नास पत्रे देणाऱ्या सभासदाने वर्षातून एकदा तरी त्या पत्रांचा गठ्ठा सभागृहाच्या टेबलावर ठेवून "यांतील एकही पत्र लागू नये यासाठी काय करणार?" असे आयुक्तास विचारावे. तसे तो विचारीत नाही, कारण पत्रांची गरज संपली तर त्याची स्वतःची गरज संपेल, असे त्याला वाटते. हीच या धंद्यातील खरी गोम आहे.

आणि गरिबांस ही सबब आहे, आम्हांस कोणती? येथे आम्हांस आपल्याच वर्गाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. निवडणुकीपूर्वी आमच्याच वस्तीतील एका गृहसंस्थेत उमेदवार भेटीस आले होते; आम्हीही तेथे होतो. दोन तास सभा चालली. मागण्या कोणत्या आल्या? आवारात फरशी, प्रवेशद्वारावर कॅमेरे, बागेत बाकडी, आणि इमारतीस रंग. एकानेही अंदाजपत्रकाचा शब्द काढला नाही. गेल्या कारकिर्दीत किती सभांस हजर होता, किती प्रश्न विचारले, कोणत्या ठेक्यास विरोध केला, हे कोणी पुसले नाही. आम्हीही पुसले नाही, आणि ती गोष्ट घरी आल्यावर आमच्या मनास लागून राहिली. हा लेख लिहिण्याचे तेही एक कारण आहे. ज्याने हाती पुस्तक धरले, ज्याला जमाखर्च वाचता येतो, त्याने मत विकले ते बाकड्याच्या किमतीला! झोपडीतील माणसाने नोट घेतली तर आपण नाके मुरडतो. पण सार्वजनिक निधीतून आलेल्या आणि वर उमेदवाराचे नाव कोरलेल्या बाकड्यावर संध्याकाळी बसून लोकशाहीच्या ऱ्हासाची चर्चा करताना आपणांस काहीच बोचत नाही. बाकडे सभासदाच्या खिशातून आलेले नसते, ते आपल्याच कराचे असते; 'यांच्या प्रयत्नाने' हे त्यावरील शब्द म्हणजे आपल्याच पैशाने आपल्यावर केलेला उपकार होय.

व्यवस्थेनेही या विस्मरणास हातभार लावला आहे. ठाण्यात तेहतीस प्रभाग. त्यांतील बत्तीस प्रभागांत प्रत्येकी चार सभासद आणि एकात तीन. चौघे एका रस्त्याचे धनी म्हटल्यावर खड्ड्याचा धनी कोणीच नाही. कल्याण-डोंबिवलीत तर यंदा अनेक जागा मतदानावाचूनच, बिनविरोध भरल्या गेल्या. तेथील मतदारास प्रश्न विचारण्याची पाच वर्षांतून एकदा येणारी संधीही मिळाली नाही. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या ही मोठी सुधारणा आहे. पण सभासद बाई आणि दूरध्वनी उचलणारे तिचे यजमान, हा प्रकार आपण हसून खपवून घेतो तोवर ती सुधारणा अर्धीच आहे. नागरिकांनी आपल्या सभासदासह एकत्र बसून कामांचा क्रम ठरवावा, यासाठी क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात करण्यात आली त्याला दीड दशकाहून अधिक काळ लोटला. माजिवड्यात अशी सभा भरल्याचे आम्हांस आठवत नाही. ती भरवा असे आम्ही कधी मागितलेही नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

म्हणून नव्या सभासदांस आमची विनंती थोडी आहे. आम्हांस रंग नको, बाकडे नको, सत्कार नको. विषयपत्रिका वाचून सभेस जा. अंदाजपत्रकातील एक तरी खाते, पाण्याचे, शाळांचे किंवा दवाखान्यांचे, आपले समजून मुळापासून शिका. वर्षाकाठी आपली हजेरी, आपले प्रश्न आणि त्यांस मिळालेली उत्तरे एका कागदावर छापून घरोघर पाठवा. वाढदिवसाच्या फलकांवर जो खर्च होतो त्याच्या शतांशात हे काम होईल. आणि ज्या दिवशी पक्षाची चिठ्ठी आणि नगराचे हित यांत विरोध पडेल, त्या दिवशी पुण्याच्या त्या एका न उठलेल्या हाताची आठवण करा.

आणि आपल्या वाचकांस, म्हणजे आम्हां स्वतःसही, आमचे सांगणे असे की, महासभा नागरिकांस खुली असते. पाचपाखाडीतील सभागृह माजिवड्यापासून काही दूर नाही. प्रत्येक गृहसंस्थेने महिन्यातून एक दिवस दोन माणसे तेथे पाठवावी; त्यांनी केवळ बसावे आणि काय घडले ते परत येऊन सांगावे. वरून कोणी पाहत आहे, एवढ्याने खालच्या सभेचे वळण किती बदलते, हे शाळेत शिकविलेल्या कोणासही समजेल. पुढच्या वेळी सभासदास दूरध्वनी करावयाचा झाला तर टॅंकर पाठवा असे म्हणू नका. पाण्याविषयी गेल्या महिन्यात काय विचारले, ते सांगा असे म्हणा. तो रागावेल, एखादे वेळी टॅंकर उशिराही येईल. तेवढी तहान सोसण्याची आपली तयारी नसेल, तर पुन्हा केव्हा सभागृहाची मुदत संपेल आणि प्रशासक येईल, तेव्हा त्याबद्दल कुरकुर करण्याचा आपणांस काही एक अधिकार राहणार नाही.